सरकारी शाळा निवडताय? पहिलीचं नंतर, आधी आठवीचं बघा

मे महिना आला की आमच्या कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापुरात एकच विषय, पोराला कुठल्या शाळेत घालणार. बाजारात मेथीची पेंडी निवडत असताना पण कोणतरी विचारतंच, "कुठं घालणार ओ वैनी पोरीला?" आणि उत्तर पण तीच देऊन टाकते, तिथं नको, तिथले मास्तर बरोबर नाहीत, ह्या शाळेत घाला, इमारत नवीन बांधलीय. मी दोन पोरं सरकारी शाळेत घातलीत, मोठ्याच्या वेळी असंच ऐकून ठरवलं आणि चुकले, धाकटीच्या वेळी वही-पेन घेऊन चार शाळा फिरले. त्यात जे कळलं ते लिहितेय, खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातल्या लहान गावात राहणाऱ्या मराठी आईबापांच्या उपयोगाला यावं म्हणून.

आधी माझी चूक सांगते म्हणजे बाकीचं लवकर कळेल. मोठ्याची मराठी शाळा चांगलीच होती, बाई जीव लावून शिकवायच्या, सातवीपर्यंत कसली तक्रार नाही. खरं सातवी संपली तेव्हा आमच्या लक्षात आलं की पुढं आठवीला मराठी हायस्कूल जे आहे तिथं सकाळी वेळेत पोचणारी बसच नाही. मग काय, जवळ म्हणून कन्नड माध्यमाच्या हायस्कूलात घातला. पहिल्याच चाचणीत गणितात पेपर अर्धा कोरा, जो पोरगा घरात भाज्यांचा हिशोब तोंडी करायचा तो. रात्री जेवताना हळूच विचारतो, "आई, लसाअ म्हंजे काय?" मला पण माहीत नाही. शेजारची कन्नड शाळेत शिकलेली पोरगी बोलावली, ती म्हणाली अहो ते लसावि हो, कन्नडात त्याला लसाअ म्हणतात. दोन मिनिटात गणित सोडवलं त्यानं. म्हणजे येत होतं सगळं, फक्त शब्द दुसऱ्या भाषेतला होता, आणि असे शब्द एक नाही, विज्ञानात, समाजात शेकड्यानं. वर्ष गेलं त्याचं सावरायला, आणि त्या वर्षात तो वर्गात हात वर करायचाच बंद झाला, त्याचं मला आजपण वाईट वाटतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, एकच शाळा बघू नका, पहिली ते दहावी अशी पूर्ण साखळी बघा. आपल्याकडं सरकारी शाळा तुकड्यातुकड्यात आहेत. लोअर प्रायमरी म्हणजे पहिली ते पाचवी, हायर प्रायमरी म्हणजे सातवीपर्यंत, काही ठिकाणी आठवीपर्यंत, आणि हायस्कूल आठवी ते दहावी. काही मोजक्या गावांत कर्नाटक पब्लिक स्कूल आहे, तिथं एलकेजीपासून पीयूसीपर्यंत, म्हणजे अकरावी-बारावीपर्यंत, एकाच आवारात, खरं तिथं पण कुठला वर्ग कुठल्या माध्यमात आहे ते विचारावंच लागतं. कागदावर ओढून काढा, ही शाळा, हिचा शेवटचा वर्ग कुठला, त्यानंतर पोर कुठं जाणार, तिथलं माध्यम काय, किती किलोमीटर, बस कितीची. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असं धरलेलं आहे, हायस्कूलला तसला आधार नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांना तर नकाशावरचे तीन किलोमीटर पावसाळ्यात ओढा भरला की तीन राहत नाहीत. मुलींना शक्ती योजनेमुळं ११ जून २०२३ पासून सरकारी बस फुकट आहे, मुलग्यांना पास काढावा लागतो, पैशाचा प्रश्न एवढा नाही राहिला. प्रश्न वेळेचा आहे. टाइमटेबलवर विश्वास ठेवू नका, एक दिवस सकाळी स्वतः स्टॉपवर जाऊन उभं राहा, बस थांबते काय, पोरांना आत घेते काय ते डोळ्यानं बघा. मोठ्याच्या वेळी मी हे अर्ध्या तासाचं काम केलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

आता भाषेचं, कारण आपल्याकडं सगळी तुलना तिथंच येऊन अडकते. मराठी शाळेत घातलं तर कन्नड येणार नाही, कन्नड शाळेत घातलं तर मराठी जाईल, ही भीती दोन्हीकडची ऐकलीय मी. वस्तुस्थिती अशी की २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं कर्नाटकातल्या प्रत्येक शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायचीच आहे, मराठी शाळेत पण. म्हणजे कन्नड आहे की नाही हा प्रश्नच नाही, ते शिकवतो कोण हा प्रश्न आहे. काही मराठी शाळांत कन्नड शिकवणारे वेगळे शिक्षक आहेत, पोरं तिसरीत फळ्यावरचं कन्नड वाचतात. काही ठिकाणी त्या जागेवर माणूसच नाही, मग ज्या बाईंना स्वतःला कन्नड जेमतेम येतं त्याच तास ओढून नेतात, आणि पोरं सातवीला गेली तरी बसची पाटी अंदाजानं वाचतात. हे कसं कळणार? हेडमास्तरांना विचारून नाही कळत. तिसरी-चौथीच्या पोराला गेटबाहेर प्रेमानं जवळ घ्या, कन्नडचं पुस्तक उघडायला सांगा, मधलंच कुठलंतरी पान, पहिला धडा नको कारण तो पाठ असतो. चार ओळी वाचल्या तर शाळा काम करते. तसंच मराठीचं पान वाचून घ्या. घरच्यांसमोर पोराची परीक्षा घेतल्यासारखं करू नका, लाजतात ती.

माझं मत विचाराल तर प्राथमिक शिक्षण मराठीतच व्हावं, घरात जी भाषा बोलतो त्यातच पोराला पहिल्यांदा विचार करता येतो, राज्यघटनेच्या ३५० अ कलमात पण भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय द्यावी असं सांगितलेलं आहे. खरं त्याबरोबर कन्नड पहिलीपासून पक्कं पाहिजे, त्यात हयगय नको, कारण इथंच राहायचंय, नाडकचेरीतला (दाखले देणारं सरकारी ऑफिस) अर्ज, बँकेतला फॉर्म, नोकरी, सगळं त्यातच आहे. आणि इंग्रजी पण लागणारच, पीयूसीला सायन्स घेतलं तर पुस्तकं इंग्रजीच असतात. २०१९ पासून बऱ्याच सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढलेत, पाटी बघून पालक धावतात. तिथं एकच विचारा, ह्या वर्गाला वेगळे शिक्षक दिलेत की आहेत त्यांनाच इंग्रजीचं पुस्तक हातात दिलंय.

माध्यम ठरवताना पुढच्या कागदपत्रांचा विचार पण आत्ताच करा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कर्नाटकात केसीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेला, ग्रामीण कोटा १५ टक्के आहे, त्यासाठी पहिली ते दहावी पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते, आणि कन्नड माध्यमाला ५ टक्के, त्याला पण पहिली ते दहावी सगळी कन्नडमधून. मधलं एक वर्ष तुटलं तरी हक्क जातो. तुमची शाळा ग्रामीणमध्ये धरतात की गावाच्या शहरी हद्दीत, हे बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारून घ्या. कर्नाटकातली सीट मिळायला राज्यात किमान सात वर्षं शिकलेलं असावं ही मुख्य अट आहे, त्यामुळं चंदगड-कागल भागात मामाकडं ठेवून शिकवायचा विचार असेल तर वर्षं मोजून ठेवा. उलट बाजूला महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो तिथल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला सीमाभागाचे म्हणून अर्ज करता येतो, त्याला दहावी-बारावी ह्याच सीमाभागात झालेली लागते आणि मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते पहिलीतच नीट बघा, नंतर दुरुस्त करायला लय हेलपाटे पडतात.

शिक्षक मोजायचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोण करत नाही. कायद्यानं पाचवीपर्यंत ३० पोरांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवी ३५ मागं एक, आणि शाळा कितीही लहान असली तरी ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत. आपल्या जंगलाकडच्या भागात एका शिक्षकावर चाललेल्या शाळा आहेत, त्या एका शिक्षकाला मीटिंग आली की शाळेला कुलूप. आधी मोबाईलवर यूडायस प्लस ह्या शाळांच्या माहितीच्या सरकारी साइटवर 'नो युवर स्कूल'मध्ये शाळा शोधा, प्रत्येक शाळेला ११ आकडी कोड असतो, कर्नाटकाचा २९ नं सुरू होतो. तिथं पट, शिक्षक, खोल्या, संडास, पाणी सगळं दिसतं. खरं ते आकडे शाळेनंच भरलेले आणि आधीच्या वर्षाचे असतात, म्हणून ते वहीत उतरवून घ्या आणि शाळेत जाऊन पडताळा. कागदावर पाच शिक्षक असले तर विचारा त्यातले डेप्युटेशनवर दुसरीकडं किती गेलेत, लांब रजेवर कोण आहे, बदली मागितलेली कोणाची आहे, अतिथी शिक्षक किती. अतिथी शिक्षक वाईट असतात असं अजिबात नाही, माझ्या धाकटीला गणिताची गोडी लागली ती अशाच एका पोरसवदा मॅडममुळं, तुटपुंज्या मानधनावर दोन बस बदलून यायच्या त्या. खरं त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, म्हणून 'गेल्या वर्षी ते किती तारखेला रुजू झाले' हे विचारा. जूनच्या मध्यात आले म्हणाले तर ठीक, ऑगस्ट म्हणाले तर तेवढे दिवस त्या विषयाचं काय झालं हे पण विचारा.

आणि एक गैरसमज, पहिली-दुसरी-तिसरीची पोरं एकाच खोलीत बघून बरेच पालक तिथूनच परत फिरतात. ती नली-कली पद्धत आहे, कर्नाटकात सरकारी शाळांत ठरवून तशीच बसवतात, मराठी शाळेत पण. भिंतीला पोरांच्या उंचीचे फळे, वर दोऱ्यांना पोरांनी केलेली चित्रं अडकवलेली, कार्डं घेऊन गटागटात बसतात. हे नीट चाललेलं असलं तर फार छान असतं. बघायचं ते हे की कार्डं वापरून मऊ झालीत की कपाटात कोरी करकरीत पडलीत. खरं काळजीची गोष्ट वेगळी, चौथी-पाचवी पण त्याच शिक्षकाकडं, त्याच तासाला असेल तर मात्र विचार करा.

शाळा बघायला जायचं कधी? शाळा सुरू होते त्या दिवशी नको. आपल्याकडं जूनच्या तोंडावर प्रारंभोत्सव असतो, आंब्याची तोरणं, पोरांना फुलं, गोड जेवण, त्या दिवशी सगळ्या शाळा चांगल्याच दिसतात. आदल्या वर्षीच्या जुलैत जा, आपल्या खानापूरच्या पावसात. धाकटीसाठी मी बघितलेल्या शाळांपैकी एक नवीन रंगवलेली, बाहेर कार्टूनची चित्रं, आत गेले तर साडेदहा वाजले तरी दोन वर्गांत शिक्षक नाहीत आणि पोरं खिडकीच्या गजाला लोंबकळत होती. दुसरी जुन्या कौलाची, एका कोपऱ्यात धार लागलेली, खाली स्टीलची बादली ठेवलेली, टप टप आवाज चाललाय, आणि त्या बाईंनी पोरं दुसऱ्या अंगाला सरकवून गोल बसवलेली, बादलीत पाणी दर पाच मिनिटाला किती बोटं चढतंय ते एक पोरगा काडी बुडवून मोजून सांगत होता आणि बाकीची फळ्यावर लिहून घेत होती. पाचवीचं मापन शिकवत होत्या त्या. मी दारात पंधरा मिनिटं उभी होते, त्यांना माहीत पण नव्हतं. कौल गळतं ही तक्रारीचीच गोष्ट आहे, ते दुरुस्त झालंच पाहिजे, खरं मी वहीत त्या शाळेच्या नावापुढं मोठी खूण केली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा. बिसीऊट म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण स्वतः एक घास खाऊन बघा, कोण नाही म्हणत नाही. भात-सांबार गरम आहे काय, अंडं किंवा केळं, दूध रोज मिळतं काय, पोरं हात कुठं धुतात, ताटं कोण धुतं. आणि संडास. मुलगी असेल तर हे टाळूच नका, स्वतः आत जा, कडी लागते काय, बादलीत पाणी आहे काय बघा. दार बंद ठेवून किल्ली ऑफिसात लटकवलेली शाळा मी बघितलीय, पाहुणे आले की उघडायची. तिथल्या सहावीच्या पोरीनं मला सांगितलं की आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही. ती शाळा मी तिथंच खोडली.

रिझल्टच्या टक्क्यावर फार जाऊ नका. हायस्कूलात बारा पोरं परीक्षेला बसली आणि बारा पास झाली तर बोर्डावर शंभर टक्के लिहितात, आणि ८० बसून ७० पास झाली तर लोक म्हणतात रिझल्ट पडला. तीन वर्षांचे आकडे मागा, आठवीला किती आली होती आणि दहावीला बसली किती, मधली गेली कुठं. २०२३-२४ पासून एसएसएलसीच्या, म्हणजे दहावी बोर्डाच्या, वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात, म्हणून पहिल्या परीक्षेत किती पास झाली ते वेगळं विचारा. सगळ्या विषयांत पहिली भाषाच जास्त मार्कांची, १२५ ची, मराठी पहिली भाषा असेल तर पोराचा तिथं हात वर राहतो, हा पण एक हिशोब आहे.

आणखी एक प्रश्न जो मी प्रत्येक हेडमास्तरांना विचारला, "यंदा टीसी किती पोरांनी नेल्या आणि कुठं गेली ती?" ह्या एका प्रश्नावर माणूस मोकळा बोलतो किंवा विषय बदलतो, दोन्हीतून कळायचं ते कळतं. एकानं मला सरळ रजिस्टर उघडून दाखवलं, नऊ पोरं कॉन्व्हेंटला, दोन बापाच्या बदलीमुळं. पट कमी होतोय म्हणून ते स्वतः दोन वाड्या फिरून आले होते. पट कमी म्हणजे शाळा वाईट असं नाही, खरं शाळाच दुसऱ्या शाळेला जोडून टाकली तर पोराला परत दुसरीकडं न्यावं लागतं, म्हणून गल्लीतल्या अंगणवाडीच्या टीचरना विचारून या, पुढच्या दोन वर्षांत पहिलीला जाणारी पोरं किती आहेत आणि त्यातली ह्या शाळेत किती येणार. त्यांच्याइतकं खरं कोणाला माहीत नसतं. शाळेसमोरच्या दुकानदाराला विचारा, मास्तर किती वाजता येतात ते तो घड्याळ न बघता सांगतो. पाहुण्यांचं ऐका खरं त्यांचं पोर त्या शाळेत आत्ता आहे काय ते आधी विचारा, वीस वर्षांपूर्वीचं मत बरेच जण आजचं म्हणून सांगतात.

सगळं वहीत आलं की मार्क देऊन बेरीज करत बसू नका, मी केली होती, बेरजेत रंगवलेली शाळा पहिली आली. मी मग तीन गोष्टी अशा ठेवल्या की त्यातली एक जरी नसली तरी ती शाळा यादीतून बाद: किमान दोन शिक्षक रोज हजर, कन्नड शिकवणारं माणूस, आणि आठवीला मराठीतून पुढं जायची पोचणारी वाट. चारातल्या दोन तिथंच गेल्या. उरलेल्या दोनात गळक्या कौलाची होती, तीच घेतली. आमच्या घरच्यांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं.

दाखल करताना जन्माचा दाखला, पोराचं आणि आईबापाचं आधार, रेशनकार्ड, आणि जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून आधीच काढून ठेवा, मे मध्ये तिथं रांग असते. पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हा नियम आहे, २०२५-२६ ला एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिन्यांची सूट दिली होती, तुमच्या वर्षाचं शाळेत विचारून घ्या. नाव घातल्यावर पोराचा सॅट्स नंबर (सरकारी नोंदीतला पोराचा नंबर) लिहून घ्या, दहावीपर्यंत तोच चालतो, आणि नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे काय ते त्याच दिवशी स्क्रीनवर बघा. शाळा सुरू झाली की एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, मीटिंगची तारीख विचारा आणि जा. मी पहिल्या मीटिंगला गेले तेव्हा पाच बाया होतो, कौलाचा विषय आम्हीच काढला, पंचायतीला अर्ज दिला, दोनदा जाऊन बसलो, दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी कौलं बदलली. बादली अजून त्याच खोलीत आहे, आता त्यात पोरं खडूचे तुकडे ठेवतात.